जास्वंदीचा लाल काही केल्या सापडेना, त्याची गोष्ट

बागेत जास्वंदीची तीन झाडं आहेत, एक साधी लाल, एक डबल पाकळ्यांची आणि एक पांढरी, आणि मी गेलं जवळपास वर्षभर त्यातल्या साध्या लाल जास्वंदीच्याच मागे लागलेय. वॉटरकलरमध्ये. आधी वाटलेलं की चार-पाच दिवसात जमून जाईल, कारण काढायचं तरी काय, पाच पाकळ्या, मधून बाहेर आलेली ती लांब दांडी आणि तिच्यावर पिवळे ठिपके. शाळेत सगळ्यांनीच काढलेलं असतं. पण पहिली सात-आठ चित्रं झाली आणि लक्षात आलं की मी फूल काढतच नाहीये, मी "जास्वंद" हा शब्द काढतेय, म्हणजे डोक्यात जो ठसा बसलेला असतो ना तोच परत परत कागदावर उतरत होता, झाडावरचं फूल बिचारं बाजूलाच.

पहिला घोळ झाला तो रंगाचा. लाल हा वॉटरकलरमधला फार अवघड रंग आहे असं माझं आता ठाम मत झालंय. निळ्यात पाणी वाढवलं तर फिकट निळा मिळतो, तो निळाच वाटतो, आकाश वगैरे होऊन जातं. लालमध्ये पाणी वाढवलं की तो गुलाबी होतो, म्हणजे वेगळाच रंग झाला. आणि गडद करायला काळा घातला की लगेच विटकरी, मेलेला, वाळलेल्या रक्तासारखा. लाल जिथे सगळ्यात लाल दिसतो ती जागा मधलीच, ना फार फिकट ना फार गडद, त्यामुळे वर जायला जागा नाही आणि खाली जायलाही नाही. माझी सगळी पहिली फुलं त्या मधल्या पट्टीत सपाट पसरलेली होती, आणि सावली म्हणून कडेला काळपट डाग. त्यातही वॉटरकलर वाळल्यावर उतरतो, ओला असताना एकदम भरगच्च दिसलेला लाल सकाळी बघावं तर फिका आणि पावडर मारल्यासारखा. मग त्यावर अजून एक थर, मग अजून एक, आणि चौथ्या थराला कागदाचे तंतू उठायला लागले की संपलं.

तेव्हा मी ब्रश बाजूला ठेवला आणि आठवडाभर नुसतं बघायचं ठरवलं. जास्वंद बघायलाही घाई करावी लागते, साध्या लाल जास्वंदीचं फूल एकाच दिवसाचं असतं, सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत मिटायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळी होऊन खाली पडलेलं असतं. रोज सकाळी एक वही घेऊन झाडाजवळ स्टूल टाकून बसायचे. आणि एक साधीच गोष्ट केली जिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा घेतला आणि त्याला पंचिंग मशीनने एक भोक पाडलं. ते भोक पाकळीच्या एकेका भागासमोर धरून एका डोळ्याने बघायचं, की आजूबाजूचं सगळं झाकलं जातं आणि फक्त तेवढ्या जागेचा रंग दिसतो, पांढऱ्याच्या शेजारी.

पहिल्या दिवशी मी ते भोक वरच्या पाकळीच्या वळलेल्या काठावर धरलं आणि मला तिथे लाल दिसलाच नाही. तिथे फिकट जांभळा होता, अक्षरशः लॅव्हेंडर म्हणतात तसा. कारण तो भाग आकाशाकडे तोंड करून होता आणि पाकळीच्या गुळगुळीत पाठीवर आकाशाचा निळा उजेड पडून परत येत होता. भोक दोन सेंटिमीटर खाली सरकवलं तर एकदम नारिंगी, फुंकर मारल्यावर निखारा होतो तसा, कारण तिथे ऊन पाकळीच्या मागून पडून आरपार येत होतं. घडीत गेल्यावर पिकल्या जांभळाचा रंग. आणि अगदी आत, जिथे पाचही पाकळ्या एकत्र येतात, तिथे मरून, जवळजवळ काळा, पण काळा नाही. एका पाकळीत चार लाल, आणि मी पाचही पाकळ्यांना एकाच ट्यूबचा रंग फासत होते. खरं सांगते, त्या दिवशी मी बराच वेळ तशीच पुठ्ठा धरून बसले होते, हात दुखायला लागला तरी.

आकारही असाच नीट बघितल्यावर कळला. जास्वंदीच्या पाकळ्या पंख्याच्या पात्यांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली, सगळ्या एकाच दिशेने. मी कायम पाचही सुट्या सुट्या काढायचे किंवा एक पूर्ण वर आणि बाकीच्या खाली, म्हणून फूल कागदाला चिकटवल्यासारखं दिसायचं, ते फिरतंय असं वाटायचंच नाही. देठाकडे, हिरव्या पेल्याच्या खाली अजून एक बारीक हिरव्या पानांची झालर असते ती तर मला माहीतच नव्हती. आणि ती मधली दांडी म्हणजे पुंकेसरांची एकत्र झालेली नळी, तिच्यातूनच स्त्रीकेसर बाहेर येतो आणि टोकाला पाच फाटे फुटून त्यांच्यावर पाच मखमली लाल गोळे असतात. पाच. मी तीन काढत होते, कधी चार.

मग खरे प्रयोग सुरू झाले. नारिंगी झळाळी आणायची कशी हा मुख्य प्रश्न. पॅलेटवर लाल आणि पिवळा मिसळून नारिंगी केला तर तो नारिंगीच दिसतो, आतून उजेड आल्यासारखा दिसत नाही. म्हणून उलट केलं, आधी पाकळीच्या त्या भागावर पारदर्शक गरम पिवळ्याचा पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा हात, तो पूर्ण वाळू दिला, आणि त्यावर लालचा पातळ थर, ज्याला ग्लेझ म्हणतात. उजेड लालच्या थरातून खाली जातो, पिवळ्यातून कागदापर्यंत पोचतो आणि कागदाच्या पांढऱ्यावरून परत येतो, म्हणजे पाकळीतून ऊन येतं तसंच काहीसं. यासाठी रंग पारदर्शक पाहिजेत हे मात्र नक्की. माझ्याकडे कॅडमियम रेड होता, सुंदर रंग आहे पण जाड, खालचं झाकून टाकतो, त्याने ग्लेझ केल्यावर पिवळा गुडूप. क्विनाक्रिडोन रोझ घेतला, ट्यूबवर पीव्ही १९ असा नंबर असतो, तो एकदम काचेसारखा, आणि तो पिवळ्यावर बसला की हवा तो लाल तिथेच कागदावर तयार होतो. पहिल्यांदा ती पट्टी वाळल्यावर मी खिडकीत नेऊन बघितली आणि अंगावर काटा आला.

गडद भागासाठी काळी ट्यूब बंदच केली. लालच्या समोरचा रंग हिरवा, त्यामुळे क्विनाक्रिडोनमध्ये थॅलो ग्रीनचा अगदी टिपका टाकला की मरून आणि अजून थोडा टाकला की जिवंत काळा मिळतो. थॅलो फार जोरकस असतो, ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच, नाहीतर सगळं मिश्रण तोच खाऊन टाकतो, माझे दोन पॅलेट भरून रंग असेच वाया गेले. घडीतल्या जांभळटपणासाठी अल्ट्रामरिन निळा. तो थोडा दाणेदार बसतो, कागदाच्या खड्ड्यांत त्याचे कण जाऊन बसतात, आणि ते पाकळीच्या मखमलीला शोभून दिसतं.

रंगांबद्दल अजून एक, कारण यात मी फसलेय. सुरुवातीला एक अतिशय चमकदार गुलाबी वापरायचे, ऑपेरा पिंक नावाने मिळतो, फुलांसाठी वेड लावणारा रंग आहे, पण त्यातली चमक फ्लोरोसंट डायची असते आणि ती उजेडात टिकत नाही. भिंतीवर लावलेलं एक चित्र उन्हाच्या खिडकीसमोर होतं, काही महिन्यांत त्यातली पाकळी साध्या मंद गुलाबी रंगाची झाली. तेव्हापासून माझ्याकडच्या सगळ्या लाल-गुलाबी रंगांच्या पट्ट्या काढून, अर्धी पट्टी जाड कागदाने झाकून, खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवल्यात. जुना अलिझरिन क्रिमझन, ज्यावर पीआर ८३ लिहिलेलं असतं, तोही पातळ वॉशमध्ये उडाला. १८६८ मध्ये हा रंग प्रयोगशाळेत तयार झाला, त्याआधी तो मंजिष्ठाच्या जातीच्या झाडाच्या मुळांपासून काढायचे, आणि कित्येक चित्रकारांचा तो आवडता होता त्यामुळे वाईट वाटलं, पण फुलाच्या चित्रासाठी मी आता तो वापरत नाही.

कागदाचंही तसंच. आधी साधा लाकडाच्या लगद्याचा कागद वापरत होते, सरावाला चांगला आहे, पण ग्लेझ करायला गेलं की खालचा थर उचकटून वर येतो. पूर्ण कॉटनचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजन) कोल्डप्रेस, म्हणजे किंचित खडबडीत कागद घेतला आणि अचानक मला जास्त वेळ मिळायला लागला, कारण तो पाणी धरून ठेवतो. महाग आहे म्हणून मी त्याचे हाताच्या पंज्याएवढे तुकडे कापते आणि एका तुकड्यावर एकच पाकळी. पूर्ण फूल नाही. एक पाकळी. अशा साठेक पाकळ्या झाल्या असतील आणि माझ्या मते मी जे काय शिकले ते तिथेच शिकले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाणी ओळखण्यात. वेट ऑन वेट म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडायचा, हे सगळीकडे सांगतात, पण ओला म्हणजे किती ओला? मी बोर्ड उजेडाकडे तिरका धरून बघायला शिकले. कागदावर पाणी आरशासारखं चमकत असेल तर रंग टाकला की तो कुठेही पळतो, ताबाच नाही. थोडं थांबलं की ती चमक बसते, साटीनच्या कापडासारखी मंद होते, तीच वेळ, तेव्हा रंगाचा थेंब टेकवला की तो मऊ कडेने पसरतो आणि जिथे पाहिजे तिथे थांबतो. आणि एकदा का चमक पूर्ण गेली पण हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर कागद गार लागतोय, तेव्हा हात लावायचाच नाही, कारण आत अजून ओल आहे आणि त्यात पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की नवं पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि कडेला तो नक्षीदार डाग उठतो, फ्लॉवरच्या गड्ड्याच्या कडेसारखा. माझी निम्मी चित्रं याच गार लागणाऱ्या पाच मिनिटांत खराब झालीत. आता मी त्या पाच मिनिटांत मुद्दाम उठून झाडांना पाणी घालायला जाते.

जपानमध्ये रिंपा शैलीचे चित्रकार रंग ओला असतानाच त्यात दुसरा रंग सोडायचे, त्याला तराशिकोमी म्हणतात, आणि पानांसाठी ते करून बघितलं तर फारच आवडलं, हिरव्या पानात ओलं असतानाच शेंदरीचा एक थेंब, बाकी काही नाही, पान लगेच जुनं, थोडं करपलेलं वाटायला लागतं. मिठाचाही प्रयोग केला, त्या साटीनच्या वेळेला मीठ शिंपडलं की प्रत्येक दाणा पाणी ओढून घेतो आणि चांदण्या तयार होतात. दिसायला छान पण माझं मत असं की मिठाच्या चांदण्या मिठाच्याच दिसतात, बघणाऱ्याचं लक्ष फुलाऐवजी तिकडेच जातं, दोनदा करून सोडून दिलं. मास्किंग फ्लुइडने, म्हणजे रंग लागू नये म्हणून लावायच्या रबरासारख्या द्रवाने, पुंकेसर झाकले तर ते रबर काढल्यावर सगळ्या कडा एकसारख्या कडक, आणि फ्लुइड लावायला चांगला ब्रश वापरल्याने तो ब्रश कायमचा गेला. ज्यांना वापरायचंय त्यांनी जुनी टाकाची निब घ्या नाहीतर ब्रश आधी साबणात बुडवून घ्या, एवढंच सांगेन.

एक प्रयोग चित्रापेक्षा उत्सुकतेपोटी केला. खाली पडलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या खलबत्त्यात कुटून त्यांचा रस काढला, बुळबुळीत लालसर जांभळा रस निघाला, आणि तो ब्रशने वॉटरकलर पेपरवर लावला. लावताना लालसर होता आणि बघता बघता निळसर राखाडी झाला. आधी कळेचना. मग उलगडा झाला, पाकळीतला रंग अँथोसायनिन जातीचा, तो आंबटात लाल आणि अल्कलीत निळा-हिरवा होतो, आणि चित्रकलेच्या चांगल्या कागदात तो पिवळा पडू नये म्हणून कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, म्हणजे कागदच थोडा अल्कली. त्याच पट्टीवर लिंबाच्या रसाचा थेंब टेकवला तर त्या जागी पुन्हा लख्ख गुलाबी. खायच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टेकवला तर हिरवट. एका फुलाच्या रसातून तीन रंग, एकाही ट्यूबशिवाय! मी त्या रसानेच एक अख्खं फूल काढलं, लिंबाने हायलाइट देऊन. ते टिकणार नाही हे माहीत होतं, १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने फुलांच्या रसाचा हाच उडण्याचा गुण वापरून उन्हात चित्रं उमटवायचे प्रयोग केले होते, त्याला अँथोटाइप म्हणतात. माझं चित्र वहीत मिटून ठेवलंय तरी हळूहळू तपकिरी होत चाललंय. पण त्याची खंत नाही, फूल तरी कुठे दोन दिवस राहतं.

पांढऱ्या जास्वंदीने मात्र मागच्या रंगाचं महत्त्व शिकवलं. पांढऱ्या कागदावर पांढरं फूल काढायचं म्हणजे फूल काढायचंच नाही, आजूबाजूची पानं आणि अंधार काढायचा आणि फूल आपोआप उरतं. निगेटिव्ह पेंटिंग. हे करताना मला मेरी डिलेनी यांची आठवण यायची. अठराव्या शतकातल्या या बाईंनी वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या आसपास रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला सुरुवात केली आणि नजर साथ देईनाशी होईपर्यंत जवळपास हजार फुलं केली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचा तो काळा बघून मी लाल जास्वंदीच्या मागेही गडद रंग टाकायचं धाडस केलं. थॅलो ग्रीन आणि क्विनाक्रिडोनचाच काळा, फुलात आहेत तेच दोन रंग, फक्त हिरवा जास्त. आणि बघा, लालला एक थरही वाढवला नाही तरी तो दुप्पट लाल दिसायला लागला. इतके महिने मी फुलात लाल ओतत होते.

मागच्या आठवड्यातल्या एका सकाळी कुंपणाजवळच्या फांदीवर एक फूल आलं, त्याच्या डाव्या पाकळीला अळीने खाल्लेलं भोक होतं, मुगाच्या दाण्याएवढं. एरवी मी अशी फुलं सोडून द्यायचे किंवा काढताना भोक बुजवून टाकायचे. यावेळी तसंच ठेवायचं ठरवलं. कागद कडेने टेप लावून बोर्डाला चिकटवून घेतला, पेन्सिलचं ड्रॉइंग वीस मिनिटांत संपवलं कारण ऊन सरकत होतं, पिवळा वॉश फक्त ज्या दोन पाकळ्यांतून ऊन येत होतं तिथेच, वरच्या पाकळीच्या वळणावर फिकट जांभळा, आणि मग वाट बघणं. आई पाण्याचा पाइप घेऊन आली आणि म्हणाली, "अगं, वाळलं की ते, घे की आता." मी म्हटलं, "नाही गं, हात लावून बघ, गार आहे." तिने ओल्या हाताची बोटं पदराला पुसली आणि बोटांची मागची बाजू कागदाच्या कडेला टेकवली. "हं, गार आहे," म्हणाली आणि पाइप घेऊन पांढऱ्या जास्वंदीकडे गेली.

लाल एकाच थरात घेतला, पाकळीच्या शिरांच्या दिशेने, देठाकडून काठाकडे, मधे न थांबता, आणि साटीनची वेळ आल्यावर गळ्यापाशी मरून सोडला, तो शिरांच्या वाटेने स्वतःच वर सरकला, मी फक्त बोर्ड कलता केला. मागचा गडद रंग दुपारी टाकला, भोकाच्या आतही तोच, छोट्या ब्रशने. तोपर्यंत झाडावरचं फूल मऊ पडायला लागलं होतं.

संध्याकाळी आईने चित्र उचलून दिव्याखाली धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे कुंपणाजवळचं ना गं, भोकवालं? ऊन मागून येत होतं तेव्हाचं." मी काही बोललेच नाही, नुसती मान हलवली.

पुंकेसर अजून जमलेले नाहीत. पिवळ्या गॉशचे (म्हणजे खालचं झाकणाऱ्या जाड वॉटरकलरचे) ठिपके वरून चिकटवल्यासारखे दिसतात, खरे परागकण पावडरसारखे असतात आणि त्यांच्या खाली लालचा हलका प्रकाश असतो. उद्या दोन कळ्या उमलतील असं दिसतंय, तेव्हा ठिपके अर्धवट ओल्या लालवर टाकून बघणारेय, तुकडे कापून ठेवलेत.